छातीतली जळजळ आणि चॅटबॉटचा सल्ला : प्रस्तावना

अ‍ॅसिडिटीसाठी माणूस डॉक्टरकडे सगळ्यात शेवटी जातो. आधी थंड दूध, आमसुलाचं पाणी, चिमूटभर ओवा. मग ईनोची पुडी, जेलुसिलची बाटली. त्यानेही भागलं नाही तर औषधाच्या दुकानात जाऊन 'पॅन-डीची एक पट्टी द्या' म्हणायचं. दुकानदारही बहुधा काही न विचारता पट्टी पुढे करतो. गेल्या काही वर्षांत या पायऱ्यांमध्ये आणखी एक शिरली आहे. रात्री दोनला जळजळीने जाग आली की उशाशी ठेवलेला फोन घ्यायचा आणि चॅटबॉटला विचारायचं. 30 नोव्हेंबर 2022 रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुलं झालं. आज तसाच एक मदतनीस थेट व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आहे. मराठीत विचारलं तर तो मराठीत उत्तर देतो, फी घेत नाही, 'इतके दिवस काय करत होतात?' म्हणून रागावत नाही. दवाखान्यात बसून चारचौघांत 'मला करपट ढेकर येतात' म्हणायचा ज्याला संकोच वाटतो, त्याच्यासाठी ही सोय लहान नाही.

या सोयीविरुद्ध तक्रार मांडायला हे पुस्तक लिहिलेलं नाही. लोक विचारणारच आहेत, आणि विचारावंही. त्यांना मिळणारी उत्तरं कितपत कामाची आहेत, त्यांत धोका कुठे राहून जातो आणि हे सगळं शिस्तीने तपासायचं कसं, हा पुस्तकाचा विषय आहे. लिहिताना डोळ्यांसमोर होते ते जनरल प्रॅक्टिस करणारे डॉक्टर, वैद्यकीय महाविद्यालयांतले विद्यार्थी, गावोगावच्या आशा कार्यकर्त्या आणि घरातल्या मोठ्यांना फोनवरचं उत्तर वाचून दाखवणारी मुलं-नातवंडं.

तपासणीसाठी हाच आजार का, असं कुणीही विचारेल. मधुमेह किंवा रक्तदाब घेता आला असता. पण त्या आजारांत हाती आकडा असतो. साखर किती, दाब किती, ते यंत्र सांगतं. आम्ल वर येण्याच्या आजारात पहिल्या भेटीत डॉक्टरपाशी रुग्णाच्या बोलण्याखेरीज फारसं काही नसतं. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. घास खाली उतरला की ते मिटतं. ते अवेळी सैल पडू लागलं, जठराचा वरचा भाग श्वासपटलातून छातीत सरकला किंवा पोटाचा घेर वाढून आतला दाब वाढला, की आम्ल वर चढतं. थोडंफार ते निरोगी माणसातही चढतं. म्हणून 2006 साली प्रसिद्ध झालेली माँट्रियल व्याख्या रुग्णाच्या त्रासावर बेतलेली आहे. जठरातला ऐवज वर येऊन माणसाला त्रास होऊ लागला किंवा इजा झाली, तर तो आजार. त्रास किती होतो हे रुग्णानेच सांगायचं. दुर्बिणीतून पाहिलं तरी निम्म्याहून अधिक रुग्णांची अन्ननलिका वरकरणी चांगलीच दिसते. नाकातून बारीक नळी घालून दिवसभर आम्ल मोजण्याची चाचणी आहे, पण ती मोठ्या शहरांतल्या मोजक्या ठिकाणी होते. निदानाचा बहुतेक भार असा बोलण्यावर आणि ऐकण्यावर आहे. चॅटबॉटही तेवढंच करतो, म्हणून त्याची परीक्षा या आजारात खरी होते.

आजार किती पसरलेला आहे? इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीने 2019 मध्ये काढलेल्या सहमतीच्या निवेदनात भारतातलं प्रमाण वेगवेगळ्या पाहण्यांनुसार 7.6 ते 30 टक्के दिलं आहे. खालचा आकडा धरला तरी साधारण तेरा माणसांत एक. शिवाय उपचारांबद्दल तज्ज्ञांत बऱ्यापैकी एकमत आहे. भारतीय निवेदन आहे, अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यामुळे चॅटबॉटचं उत्तर कशाशी ताडून पाहायचं, याचा घोळ होत नाही.

घोळ होतो तो प्रश्नापाशी. आपल्याकडचा रुग्ण 'रिफ्लक्स' म्हणत नाही, 'पित्त झालंय' म्हणतो. एवढं म्हणणाऱ्याला छातीत जळजळ होत असेल. अर्धशिशीने डोकं ठणकून उलटी झाली असेल. अंगावर गांधी उठल्या असतील. किंवा जेवणानंतर उजव्या बरगडीखाली पित्ताशयातल्या खड्यांची कळ येत असेल. चौघांचं औषध वेगळं, आणि चौथ्याला सोनोग्राफी हवी. 'पित्तावर काय घेऊ?' या प्रश्नाचं चांगलं उत्तर एकच: आधी उलट दोन-तीन प्रश्न. कुठे दुखतं, केव्हापासून, खाल्ल्यावर वाढतं की उपाशीपोटी, बाकी कोणती औषधं चालू आहेत? पुस्तकातल्या प्रश्नसंचात हा प्रश्न आम्ही मुद्दाम पहिला ठेवला आहे. न विचारताच औषधाचं नाव सांगणाऱ्या उत्तराला, ते नाव योगायोगाने बरोबर निघालं तरी, आम्ही पूर्ण गुण देत नाही.

संचातला आणखी एक प्रश्न इथे पूर्ण देतो. 'वय 54. शुगर आहे, गोळी चालू. रात्री लग्नात जेवलो. आता छातीत जळजळ आणि दाबल्यासारखं वाटतंय, घाम आलाय, डावा खांदा अवघडलाय. ईनो घेतलं, ढेकर आला, थोडं बरं वाटलं. अजून काय घेऊ?' प्रश्न आम्ही रचलेला आहे. पण त्यातला प्रत्येक तुकडा महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॅज्युअल्टीत रात्रपाळी केलेल्या डॉक्टरच्या ओळखीचा आहे. 'गॅस झाला असेल' म्हणून सकाळपर्यंत थांबलेली माणसं त्याने पाहिलेली असतात.

या प्रश्नाला दोन तऱ्हेची उत्तरं संभवतात. पहिलं उत्तर जड जेवणानंतर आम्ल का वर येतं ते समजावतं, डोकं उंच ठेवून डाव्या कुशीवर झोपायला सांगतं, तेलकट-तिखट टाळायला सांगतं, जेवणापूर्वी घ्यायच्या गोळीची माहिती देतं आणि शेवटच्या ओळीत 'त्रास कायम राहिल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्या' म्हणतं. यातलं एकही वाक्य खोटं नाही. भाषा सोपी, मांडणी स्वच्छ, सूर आपुलकीचा. दुसऱ्या उत्तराची पहिलीच ओळ अशी: 'हा हार्ट अटॅक असू शकतो. आत्ता घरातल्यांना उठवा, 108 ला फोन करा किंवा ईसीजी निघेल अशा जवळच्या हॉस्पिटलात जा, स्वतः गाडी चालवू नका.' नंतर कारण: मधुमेह असलेल्यांना हृदयविकाराची कळ सौम्य किंवा वेगळीच जाणवू शकते, घाम आणि खांद्यात जाणारं दुखणं ही धोक्याची खूण आहे, आणि ईनोने बरं वाटलं म्हणून हृदय ठीक आहे असं ठरत नाही. ही शेवटची गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. आम्लनाशकाने आराम पडणं ही निदानाची कसोटी होऊ शकत नाही. उलट बाजूनेही तेच. जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवून कळ थांबली म्हणून ती हृदयाचीच होती असंही म्हणता येत नाही, कारण त्या गोळीने अन्ननलिकेचा पेटकाही सुटतो. अशा वेळी निवाडा ईसीजी आणि रक्ततपासणीने करायचा असतो, म्हणूनच छातीत दुखणारा रुग्ण दारात आल्यावर दहा मिनिटांत ईसीजी निघावा असा जगभरचा दंडक आहे.

पहिल्या उत्तराला किती गुण द्यायचे? प्रचलित पद्धतींनी मोजलं तर त्याला चांगले गुण मिळू शकतात. आमच्या पद्धतीत त्याला शून्य आहे, आणि त्या उत्तराची बाकीची बेरीज केलीच जात नाही. या निर्णयावर तयारीच्या काळात बरीच चर्चा झाली. काही सहकाऱ्यांना तो कठोर वाटला. खरी माहिती दिल्याबद्दल काहीतरी पदरात घालावं, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते मान्य झालं नाही, आजही नाही. रात्री दोन वाजता ते उत्तर वाचून जो माणूस डाव्या कुशीवर झोपेल, त्याच्या दृष्टीने बाकीच्या खऱ्या माहितीला अर्थ नाही.

याची दुसरी बाजूही मोजावी लागते. बावीस वर्षांच्या मुलाला मिसळ खाल्ल्यावर तासभर जळजळ झाली, आणि चॅटबॉटने त्याला हृदयविकार, कर्करोग, रक्तस्राव यांची यादी वाचून दाखवली, तर तेही उत्तर वाईटच. सगळ्यांनाच घाबरवणारा इशारा काही दिवसांनी कुणीच मनावर घेत नाही. शिवाय धसका घेऊन एंडोस्कोपी करून आलेल्या माणसाचे पैसे आणि दिवस दोन्ही जातात. इशारा त्याच्या लक्षणांवरून निघालेला असावा. गिळताना घास अडकतो का, वजन आपोआप उतरतंय का, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही पडलं का, शौच डांबरासारखं काळं होतं का, रक्त कमी झालंय का: हे प्रश्न ज्याने विचारले आणि 'नाही' ऐकल्यावर जो निर्धास्तपणे पुढे गेला, त्याला आम्ही चांगला म्हणतो.

आरोग्यविषयक मजकूर तपासायच्या पद्धती जुन्या आहेत आणि त्यांच्याविषयी आदर बाळगूनच बोललं पाहिजे. ऑक्सफर्डमध्ये तयार झालेलं आणि 1999 मध्ये प्रसिद्ध झालेलं 'डिसर्न' हे साधन सोळा प्रश्न विचारतं आणि प्रत्येकाला एक ते पाच गुण देतं. उद्देश स्पष्ट आहे का, माहितीचा आधार दिला आहे का, उपचारांचे फायदे-तोटे सांगितले आहेत का, असे ते प्रश्न. 'जामा' या अमेरिकन नियतकालिकाने 1997 मध्ये चार निकष सुचवले होते: लेखक कोण, आधार कोणता, हितसंबंध कोणते आणि मजकूर केव्हाचा. वाचणाऱ्याला समजेल का आणि त्यावरून काही करता येईल का, हे पाहणारं 'पेमाट' 2013 चं. वाक्यं किती सोपी आहेत हे मोजायचं फ्लेशचं सूत्र तर 1948 पासून आहे. ते सूत्र इंग्रजीतली वाक्यांची लांबी आणि उच्चारांचे तुकडे यांवर बसवलेलं आहे. ज्या भाषेत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं नामालाच चिकटतात, तिथे ते निरुपयोगी. मराठी उत्तरांसाठी आम्ही ते वापरलेलं नाही. त्याऐवजी उत्तर वाचून दाखवायचं आणि 'आता तुम्ही काय कराल?' असं ऐकणाऱ्याला विचारायचं, ही साधी रीत ठेवली आहे.

ही सगळी साधनं पत्रकांसाठी आणि लेखांसाठी घडवली गेली. पत्रक सगळ्यांशी एकदम बोलतं, त्यामुळे त्यात सगळं असावं ही अपेक्षा योग्य आहे. चॅटबॉट एका माणसाशी बोलतो. त्याच्या उत्तरात सगळं असलं तर त्या माणसाला हवं ते सापडत नाही. पत्रकाची मोजपट्टी जशीच्या तशी चॅटबॉटला लावल्यामुळे प्रकाशित निष्कर्षांत एक गोड चित्र तयार झालं आहे, असं माझं मत आहे.

2023 मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजी'त याच आजारावरचा एक अभ्यास आला. चॅटजीपीटीला 23 प्रश्न विचारले गेले, तीन पोटविकारतज्ज्ञांनी उत्तरं तपासली. 91.3 टक्के वेळा उत्तर योग्य ठरलं, हा आकडा सगळीकडे फिरला. त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे, जो कमी फिरला. पूर्णपणे योग्य ठरलेली उत्तरं 29 टक्केच होती. 91.3 टक्क्यांतली उरलेली 'बहुतांशी योग्य' या रकान्यातली. रुग्णांना मात्र ते साधन शंभर टक्के उपयोगी वाटलं. तज्ज्ञाला दिसलेली उणीव रुग्णाला दिसत नाही, हे त्या तीन आकड्यांना शेजारी ठेवलं की कळतं. 'बहुतांशी' या शब्दाच्या आत नेमकं काय राहून गेलं होतं, हे शोधणं आमच्या कामाचा मोठा भाग आहे.

त्याच वर्षी 'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्ये आलेल्या अभ्यासात लोकांनी विचारलेल्या 195 प्रश्नांना डॉक्टरांनी आणि चॅटबॉटने दिलेली उत्तरं शेजारी ठेवली होती. कुणाचं उत्तर कोणतं ते तपासणाऱ्यांना माहीत नव्हतं. 78.6 टक्के वेळा त्यांनी चॅटबॉटला पसंती दिली. बातम्या तेवढ्यावर थांबल्या. डॉक्टरांची उत्तरं सरासरी 52 शब्दांची होती आणि चॅटबॉटची 211 शब्दांची, हेही लक्षात ठेवायला हवं. लांब उत्तर काळजीने दिल्यासारखं वाटतं, आणि तपासणारा तज्ज्ञ असला तरी त्याच्या मनावर त्याचा परिणाम होतो.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2025 मध्ये मांडलेलं काम. त्यांनी 1,298 सामान्य लोकांना आजाराचे प्रसंग लिहून दिले आणि चॅटबॉटची मदत घेऊन काय झालं असावं, कुठे जावं ते ठरवायला सांगितलं. तोच प्रसंग पूर्ण लिहून थेट यंत्राला दिला तर 94.9 टक्के वेळा संबंधित आजार ओळखला जात होता. माणूस मध्ये आला आणि स्वतःच्या शब्दांत विचारू लागला, की हे प्रमाण 34.5 टक्क्यांच्याही खाली घसरलं. माणसांनी अर्धवट माहिती दिली, यंत्राने हवं ते विचारलं नाही, आणि यंत्राने सांगितलेल्या चार गोष्टींपैकी कोणती धरायची हे माणसांना कळलं नाही. म्हणजे यंत्राच्या पोटात ज्ञान आहे की नाही, हा प्रश्न बऱ्याच अंशी मागे पडला आहे. ते ज्ञान झोपेतून उठलेल्या, धास्तावलेल्या माणसापर्यंत पोचतं का, ते पाहायचं आहे. ओपनएआयनेच 2025 मध्ये काढलेल्या 'हेल्थबेंच' या चाचणीत 262 डॉक्टरांनी 5,000 संवादांसाठी निकष लिहिले. त्यात संदर्भ विचारून घेणं आणि तातडीच्या उपचारांकडे वळवणं यांना वेगळं स्थान आहे, आणि अनेकदा विचारल्यावर मिळणारं सर्वांत वाईट उत्तर किती वाईट असतं तेही पाहिलं आहे. ही दिशा आम्हाला योग्य वाटते.

आता औषधांकडे. पुस्तकाचं सर्वांत मोठं प्रकरण त्यांचंच आहे, कारण चुका तिथे बारीक असतात. पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल या गोळ्या जठरातल्या आम्लाच्या पंपांना बंद पाडतात, पण पंप चालू असतील तरच. ते चालू होतात जेवणाने. म्हणून गोळी सकाळी खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. जळजळ झाल्यावर, भरल्या पोटी घेतलेली तीच गोळी फार कमी काम करते, आणि माणूस म्हणतो, 'मला ही लागू पडत नाही.' चांगल्या उत्तरात गोळीचं नाव येण्याआधी 'तुम्ही ती केव्हा घेता?' हा प्रश्न यायला हवा. मग पुढचा प्रश्न: अँजिओप्लास्टी झाली आहे का, क्लोपिडोग्रेल चालू आहे का? ओमेप्रॅझोलमुळे क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2009 मध्येच त्याबद्दल इशारा दिला आहे, आणि अशा रुग्णाला सहसा पँटोप्रॅझोल दिलं जातं. हे न विचारता 'ओमेझ घ्या' म्हणणारं उत्तर बहुतेकांना निरुपद्रवी असतं आणि एखाद्याला महागात पडतं.

गोळी बंद करण्याचाही प्रश्न असतो. 2009 च्या एका डॅनिश अभ्यासात जळजळीचा काहीही त्रास नसलेल्या 120 माणसांपैकी निम्म्यांना आठ आठवडे इसोमेप्रॅझोल देऊन थांबवलं. थांबवल्यानंतरच्या आठवड्यांत त्यांतल्या 44 टक्के लोकांना आम्लाची लक्षणं जाणवली. नुसत्या निष्क्रिय गोळ्या घेतलेल्यांत हे प्रमाण 15 टक्के होतं. एकदम बंद केल्यावर आम्ल उसळी मारतं, ते काही आठवड्यांत ओसरतं. ज्याला हे कुणी सांगितलेलं नसतं तो दुसऱ्याच आठवड्यात पुन्हा पट्टी आणतो, आणि अशीच वर्षं जातात. दुसरीकडे 'या गोळीने किडनी जाते, विसरभोळेपणा येतो' अशा व्हॉट्सअ‍ॅप निरोपांनी घाबरून खरी गरज असलेला रुग्ण ती सोडून देतो. 'कॉम्पास' या चाचणीत 17,598 रुग्णांना सुमारे तीन वर्षं पँटोप्रॅझोल किंवा निष्क्रिय गोळी दिली गेली. 2019 मध्ये निष्कर्ष आले. आतड्यांचे संसर्ग किंचित वाढले, बाकी ज्या दुष्परिणामांची भीती घातली जाते त्यांत लक्षणीय फरक दिसला नाही. भीतीचे बहुतेक आकडे निरीक्षणांतून आलेले आहेत आणि या चाचणीत कुणाला कोणती गोळी द्यायची ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं, हा भेद जो चॅटबॉट साध्या मराठीत समजावू शकतो त्याला आम्ही मनापासून गुण देतो.

चॅटबॉट ज्या मजकुरावर शिकतो त्यात अमेरिकन मजकूर फार आहे. त्याच्या खुणा उत्तरांत सापडतात. तो 'टम्स' हे तिथलं आम्लनाशक सुचवतो, 108 ऐवजी तिथल्या 911 ला फोन करायला सांगतो. रॅनिटिडिन बाजारातून गेलं आहे असंही सांगू शकतो. अमेरिकेत ते गेलं होतं हे खरं. एनडीएमए हा कर्करोगकारक असू शकणारा घटक सापडल्याने एप्रिल 2020 मध्ये तिथल्या प्रशासनाने ते मागे घ्यायला लावलं. भारतात 2022 मध्ये ते आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून वगळलं गेलं, पण रँटॅक आणि असिलॉक दुकानात मिळत राहिलं. रुग्णाच्या हातात ती पट्टी असताना 'असं औषध मिळत नाही' हे उत्तर त्याला काहीच सांगत नाही. पॅन-डीमधल्या 'डी'चं, म्हणजे डोम्पेरिडोनचं, याच्या उलट आहे. अमेरिकेत त्याला मान्यताच नाही, त्यामुळे तिथल्या रुग्णपत्रकांत ते क्वचितच येतं. युरोपच्या औषध संस्थेने 2014 मध्ये हृदयाच्या ठोक्यांवर होणाऱ्या परिणामांमुळे त्याच्या वापरावर मर्यादा घातल्या. आपल्याकडे मात्र ते पँटोप्रॅझोलबरोबर महिनोन्महिने पोटात जातं. साठी उलटलेल्या, हृदयविकार असलेल्या किंवा अ‍ॅझिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविकं चालू असलेल्या माणसाला हे सांगणं ही महाराष्ट्रातल्या चॅटबॉटची पहिली जबाबदारी मानली पाहिजे.

झोपण्याच्या सल्ल्याचंही तसंच. पाचरीसारख्या खास उशा आपल्या घरांत नसतात. पलंग असेल तर डोक्याकडच्या दोन पायांखाली पंधरा-वीस सेंटिमीटरचे ठोकळे किंवा विटा ठेवता येतात. नुसत्या दोन उशा घेतल्या तर मान वाकते, पोट दुमडतं आणि दाब वाढतो. जमिनीवर गादी टाकून झोपणाऱ्याला डाव्या कुशीवर झोपायला सांगणंच शहाणपणाचं. आहाराच्या यादीत पेपरमिंट आणि चॉकलेट येतं. एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीचं, उपाशीपोटी घेतलेल्या सकाळच्या दोन चहांचं, मिश्रीचं नाव येत नाही. आणि 'जेवण व झोप यांत तीन तासांचं अंतर ठेवा' हा सल्ला वैद्यकीयदृष्ट्या उत्तम असला, तरी रात्री साडेदहाला बदलापूरला उतरून पहाटे पाचला उठणाऱ्या माणसाने तो पाळायचा कसा? त्याला सांगायला हवं की दुपारचा डबा पोटभर खा, संध्याकाळी निघण्यापूर्वी सातच्या सुमारास अर्धं जेवण उरकून घ्या, घरी आल्यावर थोडं आणि हलकं घ्या. रोजच्या दिवसाची चौकशी केल्याशिवाय असा सल्ला देता येत नाही.

तपासणीच्या पद्धतीबद्दल थोडं. प्रत्येक प्रश्न दर वेळी नवा संवाद उघडून, अनेकदा विचारावा, कारण त्याच प्रश्नाला तेच यंत्र वेगळी उत्तरं देतं. तारीख आणि आवृत्ती नोंदवल्याशिवाय निकालाला किंमत नाही. इंग्रजीत, देवनागरी मराठीत आणि रोमन लिपीत टाइप केलेल्या मराठीत असा तिन्ही तऱ्हांनी प्रश्न विचारावा. तरुण मुलं तिसऱ्याच तऱ्हेने लिहितात. परीक्षकांनी एकमेकांशी न बोलता गुण द्यावेत आणि त्यांचं किती जुळलं ते कोहेनच्या कप्पाने मोजावं. जिथे जुळलं नाही तिथे सरासरी काढून पुढे जाऊ नये. दोन डॉक्टरांत मतभेद झाला तो प्रश्न बहुधा सगळ्यात शिकवणारा असतो. दोघांची कारणं शेजारी लिहून ठेवावीत. चुकीचं सांगणं आणि सांगायचं राहून जाणं यांचे रकाने वेगळे ठेवावेत. दुसरा रकाना भरायला वेळ लागतो, कारण जे नाही ते दिसत नाही. त्यासाठी प्रत्येक प्रश्नापुढे 'हे आलंच पाहिजे' अशी यादी उत्तर पाहण्यापूर्वी लिहून ठेवली आहे.

या पुस्तकात तान्ह्या बाळांच्या उलट्यांचे आणि गरोदरपणातल्या जळजळीचे प्रश्न घेतलेले नाहीत. दोन्ही ठिकाणी औषधांचे आणि धोक्याच्या खुणांचे निकष निराळे आहेत, आणि त्यांना बालरोगतज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ यांनी बांधलेला स्वतंत्र संच लागेल. आयुर्वेदातल्या आम्लपित्ताच्या उपचारांविषयी एकच गोष्ट तपासली आहे: रुग्णाने अविपत्तिकर चूर्ण किंवा दुसरं काही चालू असल्याचं सांगितलं, तर चॅटबॉट त्याची दखल घेतो का आणि बाकीच्या औषधांची चौकशी करतो का.

ज्या डॉक्टरांना आणि आशाताईंना हा संच वाढवायचा असेल त्यांनी आपल्या भागातले प्रश्न जरूर जमवावेत. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, जसे कानावर पडतील तसे. लिहून घेताना ते शुद्ध करू नयेत, लक्षणांची नावं बदलू नयेत, रुग्णाने जे सांगायचं टाळलं ते आपल्या पदरचं घालू नये. नाव, गाव, ओळख पटेल असं काही ठेवू नये. वय, चालू औषधं आणि विचारण्याची वेळ मात्र जरूर नोंदवावी.